माग आणि पुरावा

'चोराच्या मागावर असणे' हा शब्दप्रयोग आज आपण लक्षणेने वापरतो. नगर जिल्ह्याच्या जुन्या खेड्यांत मात्र तो अक्षरशः खरा होता. मातीत उमटलेले पाऊल कोठवर जाते, यावर चोरीची भरपाई कोणी करावयाची हे ठरत असे.

१८१८ साली पेशवाई बुडाली व नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या बंदोबस्ताची ही रीत वर्णिली आहे. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. पण प्रत्यक्ष काम जागल्याचे. या जिल्ह्यात तो बहुधा रामोशी किंवा भिल्ल असे. रात्री पहारा करणे, परका माणूस हेरणे आणि चोरी झाल्यास चोर शोधणे ही त्याची कर्तव्ये. चोराची पावले पाहत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई. तेथील जागल्याची माग पाहून खात्री पटली, की पहिल्याचे काम संपे व पुढचा शोध दुसऱ्याच्या गळ्यात पडे. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोचला, त्याने चोरीचा माल भरून द्यावयाचा. त्यातही प्रथम जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, व उरलेले सर्व गावाने भरावे.

या रीतीत शहाणपण नव्हते असे नाही. माग मान्य करणारा जागल्या स्वतःच भरपाईस बांधला जाणार असल्याने तो डोळे झाकून होकार देणे शक्य नव्हते. परंतु तिच्यातला दोषही तितकाच ठळक आहे. वाऱ्याने धूळ उडाली किंवा गुरांचा कळप वाटेवरून गेला, की पाऊल पुसले जाई; मग त्या निवाड्याची फेरतपासणी कशी व्हावी? आणि चोर न सापडल्यास दंड भोगावयाचा तो चोरी न करणाऱ्यांनी!

पाश्चात्त्य शास्त्राने येथेच मोठी भर घातली. ऑस्ट्रियाचे न्यायाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ साली गुन्ह्यांच्या तपासावर ग्रंथ लिहिला; १९०६ मध्ये त्याची हिंदुस्थानास अनुरूप अशी इंग्रजी आवृत्ती मद्रासेत तयार झाली. ठसा नुसता पाहावयाचा नव्हे, तर जतन करावयाचा, हे या शास्त्राचे सार होय. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात, बरोबर वरून त्याचे छायाचित्र घेतात. मग त्यात पातळ कालवलेले प्लॅस्टर हळूच ओततात व ते घट्ट झाले म्हणजे साचा उचलतात. फरशीवरील धुळीचा ठसा विद्युद्भाराच्या साहाय्याने पातळ पापुद्र्यावर घेता येतो.

पुढचा प्रश्न ओळखीचा. खेड्यातल्या चांभाराने हाताने शिवलेल्या वहाणेचे टाके व खिळे जोडागणिक थोडे निराळे पडत. कारखान्यातील तळवे मात्र हजारोंनी एकसारखे निघतात. म्हणून नक्षी व माप जुळल्याने केवळ बुटाचा प्रकार कळतो. विशिष्ट बूट ओळखण्यास त्याची झीज, चीर, रुतलेला खडा अशा खुणाच लागतात. बूट ओळखला तरी तो त्या वेळी कोणाच्या पायात होता, हे निराळे सिद्ध करावे लागते.

न्यायालयांनी हीच सावधगिरी पाळली आहे. पायाचे ठसे घेण्याचा अधिकार पोलिसांना १९२० च्या कायद्याने मिळाला. तरी पंजाबातील एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की हे शास्त्र अद्याप प्राथमिक अवस्थेत आहे. मागाचा पुरावा इतर पुराव्यास जोड देऊ शकेल, पण एकट्याने शिक्षेस पुरणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविले असून, ती व्यवस्था लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे.

या इतिहासातली एक विसंगती मनाला बोचते. ज्या रामोशांच्या नजरेवर गावे निर्धास्त झोपत, त्यांची जात पुढे गुन्हेगार म्हणून गणली गेली. आज महाराष्ट्रात तिची नोंद विमुक्त जातींत आहे. मातीतला ठसा बारकाईने वाचणाऱ्यांच्या कपाळी सरकारने जन्माचा ठसा मारला, आणि त्यास मात्र कोणी पुरावा मागितला नाही. ठशाने किती सिद्ध होते व किती होत नाही, हे ओळखणे म्हणूनच केवळ तपासाचे नव्हे, तर न्यायाचेही पहिले काम होय.