कापूस आपला, शिलाई कुणाची? सरकारी खरेदीची दीडशे वर्षं आणि आपल्या जिल्ह्यातला छोटा धंदेवाला

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे. विषय रुक्ष वाटेल, पण पैसा आपला आहे, म्हणून सवड काढून वाचा.

बुलढाण्याची जिल्हा परिषद, १३ पंचायत समित्या, नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती वर्षभर काही ना काही विकत घेतच असतात. बाक, कपाटं, पाइप, एलईडी दिवे, छपाई, गणवेश, पोषण आहार. यातलं किती काम आपल्या गावातल्या वर्कशॉपला, प्रेसला, बचत गटाला मिळतं? चिखलीतल्या फर्निचरवाल्याला विचारा, नाहीतर मेहकरातल्या प्रेसवाल्याला. उत्तर बहुतेक एकच येईल, "ते आपलं काम नाही भाऊ, तिथं ठरलेले लोक असतात."

ही समजूत आजची नाही. तिला इतिहास आहे.

१८७० साली जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा सुरू झाली. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढा मान कशासाठी? आपल्या कापसासाठी. कापूस मुंबईमार्गे विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. सरकारी खरेदीचंही तसंच. सरकारला लागणारा पक्का माल मोठ्या प्रमाणावर लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत घेतला जाई. कर भरायचा वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं आणि ऑर्डर जायची इंग्लंडच्या कारखान्याला. सरकार हेच देशातलं सर्वात मोठं गिऱ्हाईक आहे, ते इथं खरेदी करत नाही तोवर इथला उद्योग उभा कसा राहणार, हा प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीनं तेव्हाच विचारला होता.

उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झालं. पुढं १९३१ पासून निविदा रुपयांत आणि माल हिंदुस्थानात पोचवण्याच्या अटीवर मागवायचं धोरण आलं. दिसायला बदल किती छोटा! पण त्यामुळं इथल्या कारखानदाराला निदान बोलीत उभं राहता आलं. या सगळ्या इतिहासातून मी एकच गोष्ट शिकलो. काम कुणाला मिळणार हे पुष्कळदा दर उघडण्याच्या दिवशी ठरत नाही, अटी लिहिल्या जातात त्या दिवशीच ठरतं.

स्वातंत्र्यानंतर छोट्यांसाठी दारं उघडायचा प्रयत्न झाला. १९५५ ला राष्ट्रीय लघुउद्योग निगम आलं, १९६२ ला महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ. काही वस्तू लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या, असं आरक्षणही बरीच वर्षं होतं. त्याच १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणजे आपल्यासाठी हा बदल फार मोठा होता. जिल्ह्याची खरेदी आता जिल्ह्याच्या गावी होणार होती.

कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभावही माहीत होता. जिल्हा परिषद कायद्याचं कलम १६ आणि ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ काढून वाचा. त्या संस्थेच्या कामात किंवा ठेक्यात "प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष" हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. "अप्रत्यक्ष" हा शब्द तिथं उगाच नाही. पाटी एकाची आणि पाकीट दुसऱ्याचं, हा प्रकार त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

आता अलीकडं येऊ. अंगणवाडीच्या पोषण आहारात ठेकेदार नकोत, गावातल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात काय झालं? २०१६ च्या निविदेत अशा अटी आल्या की छोटे गट आपोआप बाहेर पडावेत. प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द केली. कागदावर बचत गटच होते, पण अटी मोठ्यांच्या मापाच्या होत्या.

त्याच्या उलट टोकाचा धडा गणवेशाचा. आधी शाळा व्यवस्थापन समिती एका गणवेशामागं ३०० रुपयांत गावच्या दुकानातून, शिंप्याकडून गणवेश घ्यायची. २०२४ मध्ये "एक राज्य एक गणवेश" आलं. कापडाची खरेदी राज्यपातळीवर गेली आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडं आली. हेतू चांगला होता. पण कापड उशिरा आलं, मापं चुकली, पोरं जुन्याच कपड्यांत शाळेत बसली आणि बोल शिवणाऱ्या बायांनी खाल्ले. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि काम परत शाळा समित्यांकडं दिलं. काम मिळालं, पण माप, वेळ आणि कच्चा माल दुसऱ्याच्या हातात असला की छोट्याची अशी फजिती होते. कापसाच्या जिल्ह्यानं तरी ही गोष्ट विसरू नये.

मग आपण काय करायचं? पाच गोष्टी सांगतो.

१) कागद आधी, काम नंतर. उद्यम नोंदणी (फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका), पॅन, लागू असेल तर जीएसटी, धंद्याच्या नावानं बँक खातं, तीन वर्षांची विवरणपत्रं. ई-निविदा भरायची तर डिजिटल सही लागते. निविदा निघाल्यावर धावपळ केली तर तारीख निघून जाते.

२) जेमवर नाव नोंदवा. केंद्राचं हे पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये ग्रामपंचायतींच्या ई-ग्रामस्वराजशी जोडलं गेलं. राज्याच्या निविदा महाटेंडर्सवर निघतात. आठवड्यातून एकदा तरी दोन्ही बघा.

३) निविदा वाचताना दराआधी अटी वाचा. उलाढाल किती मागितली, अनुभव किती वर्षांचा, बयाणा किती, एखाद्या ब्रँडचंच वर्णन तर नाही ना. अट अन्यायाची वाटली तर मुदतीत लेखी हरकत घ्या. चहाच्या टपरीवर घेतलेली हरकत कुणी नोंदवून घेत नाही.

४) उधारी झेपेल तेवढंच काम घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण मेख लक्षात घ्या. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे कपाट बनवणारा आणि कपाट आणून विकणारा यांना एकच संरक्षण नाही. शिवाय बिलातून टीडीएस कापला जातो, तोही दरात धरा.

५) "फक्त कोटेशन दे, बाकी मी बघतो" असं कुणी म्हटलं तर हात जोडा. तीन दरपत्रकं ही स्पर्धेसाठी असतात. एकाच टेबलावर लिहिलेली तीन लेटरहेडं ही स्पर्धा नव्हे. चौकशी लागली की सही आपली असते, आणि तेव्हा "बाकी बघणारा" फोन उचलत नाही.

एक आणखी. केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना वर्षाची २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायचं धोरण आहे. ते जिल्हा परिषदेला बांधील नाही. पण आपल्या जिल्हा परिषदेनं आणि नगरपालिकांनी निदान वर्षभराच्या खरेदीची यादी आधी आणि कुणाकडून किती घेतलं ती यादी नंतर संकेतस्थळावर टाकायला काय हरकत आहे? माहितीच्या अधिकाराचं कलम ४ तर हेच सांगतं, की मागायच्या आधीच सांगा.

१८७० मध्ये आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. आज आपण मतं देतो, कर भरतो आणि अर्जही करू शकतो. तरी काम "ठरलेल्या लोकां"नाच जात असेल, तर त्यात थोडा दोष आपल्या न भरलेल्या अर्जांचाही आहे.

तुमच्यापैकी कुणी सरकारी पुरवठा केला असेल तर अनुभव खाली लिहा. बिल किती दिवसांत निघालं, तेवढं नक्की सांगा. नवीन पोरांच्या कामी येईल.