प्रवेशाची अट इतिहास म्हणून वाचताना: भूल देणाऱ्यांची गोष्ट

अमेरिकेत ‘अ‍ॅनेस्थेशियॉलॉजिस्ट असिस्टंट’, म्हणजे भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली भूल देणारी व्यक्ती, व्हायचं असेल तर काय लागतं? पदवी कुठल्याही विषयातली चालते, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित हे विषय झालेले हवेत. शिवाय एमकॅट किंवा जीआरई. मग साधारण दोन-सव्वादोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. नर्सिंगची पदवी मात्र लागत नाही.

करिअर निवडणारा मुलगा ही यादी वाचून तयारीला लागेल. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर जरा थांबा आणि विचारा: ही यादी अशीच का झाली?

पुस्तकी उत्तर सोपं आहे. 1960च्या दशकात तिथे भूलतज्ज्ञ कमी पडत होते. ग्रॅव्हनस्टीन, स्टाइनहाउस आणि व्होल्पिटो या तीन भूलतज्ज्ञ प्राध्यापकांनी भूल देण्याच्या कामाची फोड करून बघितली. कुठलं काम कोणाला शिकवता येईल, याचा विचार केला आणि एक नवा व्यवसाय आखला. त्याचा पाया त्यांनी मेडिकलला जाण्याआधी मुलं शिकतात त्या विज्ञानविषयांवर ठेवला. पुढे कोणाला डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर तो रस्ताही मोकळा राहणार होता. 1969 मध्ये अटलांटाच्या एमरी आणि क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह या विद्यापीठांत हे शिक्षण सुरू झालं.

पण ‘माणसं कमी होती’ एवढ्याने भागतं का? माणसं का वाढवली ते कळतं. ती विज्ञानाच्या वर्गातूनच का घेतली, हे कळत नाही. कारण भूल देणाऱ्या परिचारिका तर आधीपासून होत्याच, आणि त्याही याच क्लीव्हलंडमध्ये! तिथल्या लेकसाइड हॉस्पिटलात शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांच्यासोबत काम करणाऱ्या अगाथा हॉजिन्स यांनी 1915 मध्ये परिचारिकांना भूलशास्त्र शिकवणारी शाळा काढली. 1931 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने, त्याच हॉस्पिटलातल्या एका वर्गात, अशा परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. परिचारिकेने भूल देणं कायद्यात बसतं का, हा वाद कोर्टातही गेला. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली बसतं, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1936 मध्ये सांगितलं.

म्हणजे 1969 मध्ये पाटी कोरी नव्हती. परिचारिकांची शाळा होती, संघटना होती, कोर्टाचा निकालही होता. माझं वाचन असं: नवी अट ठरवताना फक्त ‘काय यायला हवं’ एवढाच प्रश्न नव्हता, ‘कोणाच्या अधिकाराखाली’ हाही होता. नवा सहायक पहिल्यापासून भूलतज्ज्ञाच्या देखरेखीशी बांधलेला आहे. त्याच्या नावातच ते आहे. हा माझा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे. तो तपासायचा तर त्या काळातला पत्रव्यवहार, बैठकांची इतिवृत्तं, अभ्यासक्रमाचे मसुदे बघावे लागतील.

आणि इथे एक सावधगिरी. या दोन्ही व्यवसायांचा इतिहास बराचसा त्यांच्या-त्यांच्या संघटनांनी लिहिलाय. एकीकडे डॉक्टर दूरदर्शी दिसतात, दुसरीकडे परिचारिका अग्रणी. एकच बाजू वाचलीत तर तुमचा प्रबंध त्या संघटनेची स्मरणिका होईल.

हा वाद जुन्या कागदांपुरता नाही. हे सहायक आजही अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत काम करू शकत नाहीत. राज्याचा कायदा आड येतो. मास्टर्स पूर्ण केलेल्या मुलीला नोकरी कुठे मिळेल, हे तिच्या गुणांइतकंच या जुन्या हद्दींवरही ठरतं.

म्हणून कुठलीही पात्रता-अट हातात आली की तीन प्रश्न विचारा. ती कोणी लिहिली? तेव्हा दुसरा कुठला पर्याय समोर होता? आणि तिच्यामुळे दाराबाहेर कोण राहिलं? सरावाला लांब जायला नको. पीएचडीच्या ‘पेट’चं परिपत्रक घ्या आणि पहिल्या कलमापासून सुरुवात करा.