अकरा सेकंदांचे उड्डाण

18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने जाणकारांसमोर एक मॉडेल विमान उडवले. बागेलगतचा राजवाडा तीनच महिन्यांपूर्वी पॅरिस कम्यूनच्या धुमश्चक्रीत जळून गेला होता. विमानाचे वजन 16 ग्रॅम, पंखांचा पसारा 45 सेंटीमीटर. काठीलगत रबराचा पट्टा, त्याला भरपूर पीळ द्यायचा आणि सोडायचे. पीळ उलगडत जातो तसतसा शेपटीमागचा प्रोपेलर फिरतो. 11 सेकंदांत ते सुमारे 40 मीटर गेले. विमानांच्या इतिहासात या उड्डाणाची बोळवण बहुधा ‘खेळणे’ या एका शब्दात होते. मला हा अन्याय वाटतो, कारण पेनोने त्या दिवशी जो प्रश्न सोडवून दाखवला तो शक्तीचा नव्हता, स्थैर्याचा होता. त्याने शेपटीचे आडवे पाते मुख्य पंखांच्या मानाने सुमारे 8 अंश उलट्या कलाने बसवले होते. नाक खाली गेले की वेग वाढतो, वाढलेल्या वेगात हवा शेपटीला जास्त जोराने खाली दाबते आणि नाक आपसूक वर येते. पंखांची टोके वर वळवलेली असल्याने विमान कुशीवर कलंडले तरी सावरायचे. हातात सुकाणू धरायला कोणी नसताना यंत्राने स्वतःचा तोल सांभाळावा, हे त्या काळी साधे काम नव्हते.

शेपटीची कल्पना जॉर्ज केलीच्या 1804 च्या ग्लायडरमध्ये होतीच, असे कोणी म्हणेल. होती, पण केलीचे ते यंत्र इंजिनाविना तरंगणारे होते. स्वतःच्या शक्तीने उडणाऱ्या यंत्राला तीच शेपूट सावरते, हे पेनोने उडवून दाखवले आणि त्यामागची कारणमीमांसा 1872 मध्ये छापून मांडली. रबराच्या जोरावर माणूस उडणार नाही, हा आक्षेपही खराच. अमेरिकेत लँग्लीने रबरावरची कितीतरी मॉडेले करून पाहिली, शेवटी तो वाफेकडे वळला, आणि 1896 मध्ये त्याचे वाफेवरचे मॉडेल जवळजवळ एक किलोमीटर उडाले. पण शक्तीचा पेच पुढे पेट्रोलच्या इंजिनाने सुटणारच होता. तोल कसा राखायचा याचे उत्तर कोणतेही इंजिन देत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप राइट बंधूंचा दाखला देतो: त्यांनी आपोआप राहणारा तोल मुद्दाम नाकारला, चालकाच्या हातातल्या नियंत्रणावर भर दिला आणि 1903 मध्ये उडून दाखवले. नियंत्रणाचे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यांचे ते विमान क्षणभरही मोकळे सोडता येत नसे, आणि 1910 पर्यंत त्यांनी स्वतःच नाकापुढची आडवी पाती काढून मागे शेपटीत नेली होती.

1876 मध्ये पेनोने पोल गोशो याच्या साथीने, माणूस नेणाऱ्या आणि पाण्यावरूनही उडू शकेल अशा विमानाचे पेटंट घेतले. आत दुमडणारी चाके त्यात होती. ते बांधायला पैसा मिळाला नाही. ऑक्टोबर 1880 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. दोन वर्षांपूर्वीच, 1878 मध्ये, मिल्टन राइट यांनी आपल्या लहान मुलांसाठी, विल्बर आणि ऑर्व्हिलसाठी, त्याच्याच धाटणीचे रबरावर उडणारे एक खेळणे घरी आणले होते.