नोंदवहीतून वगळलेले सैनिक

माळशेज घाटाच्या वाटेवरील मुरबाड आणि माहुली गडाच्या पायथ्याचे शहापूर हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके भातशेती, डोंगर आणि जंगल यांसाठी ओळखले जातात. सैनिकी परंपरेचा विषय निघाला की आपल्या ओठांवर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी ही नावे येतात. मुरबाडचे नाव सहसा कोणी घेत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात याच तालुक्यातील मुरबाडकर नावाच्या महार घराण्यात पलटणीतील चाकरी पिढीजात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मातोश्री भीमाबाई या त्याच घराण्यातील. त्यांचे वडील आणि चुलते सैन्यात सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. हिंदी शिपायाला त्या काळी मिळू शकणारा हा सर्वांत वरचा हुद्दा होता. भीमाबाईंचे पती रामजी सकपाळ हेही सुभेदार आणि सैन्यातील शाळेचे मुख्याध्यापक.

अशा घराण्यांच्या वाट्याला एक विलक्षण प्रसंग आला. ज्या सैन्यात त्यांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या, त्याच सैन्याने १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. जे चाकरीत होते ते निवृत्तीबरोबर बाहेर पडणार होते आणि त्यांच्या मुलांना पलटणीचे दार बंद झाले होते. कोणताही गुन्हा घडला नव्हता, कोणती बंडाळी झाली नव्हती. बदल झाला होता तो कागदावर.

त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ‘लढाऊ जाती’ची कल्पना उचलून धरली. उत्तरेकडील काही जमाती जन्मतः शूर आणि दक्षिणेकडील बहुतेक लोक शांततेत राहून नरम पडलेले, अशी ती समजूत होती. त्याच सुमारास पलटणींची बांधणी जातवार होऊ लागली. पूर्वी मुंबईच्या सैन्यात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत आणि महार सुभेदाराचा हुकूम वरिष्ठ जातीचा शिपाईही पाळत असे. नव्या रचनेत त्या सुभेदाराला जागा उरली नाही. गावातील अस्पृश्यता अशा रीतीने छावणीतही पोहोचली आणि तिच्यावर सरकारी शिक्का बसला.

ही भरती म्हणजे केवळ पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. सैन्यात शिपायाला अक्षरओळख होई, त्याच्या मुलांसाठी शाळा असे, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळे. गावात ज्याला वेशीबाहेर राहावे लागे, त्याला छावणीत नाव आणि हुद्दा होता. तो दरवाजा बंद होणे म्हणजे पुढल्या पिढीला पुन्हा वेशीबाहेर लोटणे होते.

या अन्यायाविरुद्ध ज्याने लेखणी उचलली तो स्वतः निवृत्त सैनिक होता. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळचे राहणारे. १८८६ मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस स्थायिक झाले. तेथे निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती होती. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका आणि अनार्य दोष परिहारक मंडळी ही त्यांची संस्था प्रसिद्ध आहे. १८९४ मध्ये याच संस्थेच्या नावाने त्यांनी सरसेनापतींना उद्देशून मराठीत अर्ज तयार केला.

या अर्जाचा सूर ध्यानात घेण्यासारखा आहे. दयेची याचना करण्याऐवजी अर्जदार इतिहासाचा दाखला देतात. आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत, शिवकालापासून शस्त्र धरीत आलो आहोत, कंपनी सरकारच्या लढायांत आम्ही रक्त सांडले आहे, आणि तरीही तुमच्या नोंदीत आम्ही लढण्यास अपात्र ठरलो, हे कसे? क्षत्रियत्वाच्या दाव्याविषयी आजचे अभ्यासक निरनिराळी मते मांडतील. चाकरीविषयीचा दावा मात्र निर्विवाद होता, कारण त्याचा पुरावा खुद्द सरकारनेच उभारून ठेवला होता. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. दगडावर ज्यांना शूर म्हटले, त्यांच्याच नातवंडांना कागदावर नालायक ठरवले गेले.

रामजी सुभेदारांनीही हा प्रश्न हाती घेतला आणि अर्जासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य मिळवले. परंतु बंदी उठली नाही. वलंगकर १९०० मध्ये वारले. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सूत्र हाती घेतले. १९०३ मध्ये सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरली. तेथून १५८८ जणांच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. तोही फेटाळला गेला. १९१० मध्ये कांबळ्यांनी थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्या नावे अर्ज केला. त्यातही मागणे तेच होते : आमच्या वडिलांनी केलेली चाकरी आठवा आणि सैन्य व पोलीस खात्याची दारे आम्हांला उघडा.

शेवटी न्यायबुद्धीला जे जमले नाही ते गरजेने केले. पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली. १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्यांनी या मागणीचा पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. वलंगकरांच्या अर्जाला उत्तर मिळण्यास ४७ वर्षे लागली. पुढे याच रेजिमेंटमधील जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले आणि तिच्यातील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतील १९८७ च्या बलिदानाबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र लाभले. ‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ या यादीची किंमत काय होती, हे आणखी सांगावयास नको.

नोंदीतील अन्याय परकीय राजवटीबरोबर संपला, असेही नाही. २०१२ मध्ये लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचा जन्म १९५० चा की १९५१ चा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुख्यालयाच्या दोन शाखांच्या कागदांत दोन वेगळी वर्षे होती. अखेर त्यांनी अर्ज मागे घेतला. लष्करप्रमुखांची ही गत, तर साध्या शिपायाने काय करावे? आज त्याच्यासाठी अभिलेख कार्यालय आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरणही आहे. आपल्या कुटुंबात कोणी सैनिक असेल, तर त्याचे सेवापुस्तक, पत्नीचे नाव, मुलांच्या जन्मतारखा वेळीच तपासून घ्याव्यात. एका अक्षराच्या चुकीमुळे विधवेचे निवृत्तिवेतन अडू शकते.

आपल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची एक शिस्त आहे. चूक आढळल्यास मूळ ओळ खोडून नाहीशी करावयाची नसते. समासात दुरुस्ती लिहून तिच्याखाली तारीख आणि सही करावयाची असते. चूकही दिसावी आणि सत्यही दिसावे, हा त्यामागील हेतू. वलंगकर, रामजी सुभेदार आणि कांबळे यांचे अर्ज हे सैन्याच्या नोंदवहीच्या समासात लिहिलेली अशीच दुरुस्ती होय. वरिष्ठांनी तिच्यावर वेळीच सही केली नाही. पण त्यांनी ती लिहून ठेवली, म्हणूनच मुरबाडच्या सुभेदारांची चाकरी वाया गेली नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे. खोट्या नोंदीपुढे मुकाट्याने मान न तुकवता सत्य लेखी मांडणे, हीसुद्धा सैनिकाची कामगिरीच आहे.