सर्पगंधेच्या मुळाचा इतिहास

सर्पगंधा हे दमट पानझडी जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे लहान झुडूप. ते बहुधा गुडघा-मांडीइतकेच उंच होते, क्वचित मीटरभर. पेऱ्याभोवती तीन-चार पानांचे चक्र, तांबड्या देठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके आणि पिकल्यावर जांभळी-काळी होणारी फळे, एवढ्या खुणांवर ते ओळखता येते. करवंद, कण्हेर आणि सदाफुली त्याच्याच कुळातली. हिमालयाची तराई, बिहार, आसाम, पश्चिम घाट आणि अंदमान हे त्याचे भारतातले प्रदेश. शिवाय ते श्रीलंका, म्यानमार आणि जावा येथेही आढळते. मराठीत त्याला हरकी किंवा अडकई असेही म्हणतात. मोल आहे ते मुळाला. हे मूळ वाकडेतिकडे आणि चवीला अतिशय कडू असते.

नाव सापावरून पडले. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस हे मूळ चावते, अशी जुनी समजूत आहे. गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात सर्पविषावरच्या सिलोनी मुळ्यांची माहिती दिली. त्यांतली एक सर्पगंधा असावी, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे. शास्त्रीय नावाची कथा याहून गमतीची. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १७०३ मध्ये या प्रजातीला लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव दिले. राउवोल्फ पश्चिम आशियात फिरला. भारतात तो कधी आलाच नाही.

सर्पदंशावर या मुळाचा उपयोग सिद्ध झाला नाही. खरा गुण वेगळाच होता, आणि तो बिहारकडच्या लोकांना आधीच माहीत होता. तिकडे हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणूनच विकले जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर त्याचा परिणाम नोंदवला. त्याच वर्षी सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी मुळातून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ म्हटले. जगाचे लक्ष मात्र वळले ते मुंबईमुळे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुख्य द्रव्य, रेसर्पीन, वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरॲड्रिनलिनसारखी द्रव्ये ते रिती करते. म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात आणि मन शांत होते. मात्र काही रुग्ण याच औषधाने खोल उदासीनतेत गेले, आणि नवी औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या कीर्तीची किंमत जंगलाने मोजली. पान किंवा फळ काढले तर झुडूप जगते. मूळ उपटले की संपते. मागणी वाढताच तराईपासून घाटापर्यंत वेडीवाकडी खुदाई झाली. भारताने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी कारखाने आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळले. तिच्यात रेसर्पीनही जास्त. १९९० पासून सर्पगंधा वन्य जीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे हा इलाज फार उशिरा झाला, असेच म्हणावे लागते.

जंगलावरचा भार हलका करायचा तर लागवड हवी, आणि ती चिकाटीचे काम आहे. बियांचे कवच दगडासारखे कठीण असते. पुष्कळ बिया पोकळ निघतात आणि जुने बी उगवतच नाही. म्हणून ताजे बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस गादीवाफ्यावर रोपे करून पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतात लावतात. मुळांच्या तुकड्यांपासूनही लागवड होते. निचऱ्याची, सेंद्रिय द्रव्याने भरलेली जमीन लागते. पाणी साचले की मुळे कुजतात. दीड ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळल्यावर मुळे खणतात आणि धुऊन वाळवतात. खणताना आणि धुताना साल सोलली जाऊ नये याची काळजी घेतात, कारण बहुतेक सगळी अल्कलॉइडे सालीतच असतात.