व्यवसायशिक्षण, शालेय
औपचारिक शालेय शिक्षणाला जोडून किशोरवयीन मुलामुलींना दिले जाणारे हस्तकौशल्यांचे व व्यवसायांचे प्रशिक्षण. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या ‘नई तालीम’ या योजनेत सूतकताईसारखा उत्पादक उद्योग हेच सर्व विषय शिकविण्याचे माध्यम मानले होते. हाताने काम करता करता शिकण्याचा हा विचार डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ग्रामीण शाळांत नव्या रूपात रुजविला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या त्याच्या अभ्यासक्रमात माध्यमिक विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चार विभागांत प्रत्यक्ष काम करतात. लोखंडी पट्टी मापून कापणे, ती वेल्डिंगने जोडणे आणि शेवटी साहित्य व मजुरी धरून वस्तूची किंमत काढणे, अशा क्रमाने भूमिती व व्यवहारगणित त्यांच्या हाती येते. याच धर्तीवर यंत्रमागांच्या भिवंडी तालुक्यात, मुंबई–नाशिक महामार्गावरील वडपे परिसरासारख्या गोदामांच्या पट्ट्यात, यंत्रदुरुस्ती, वीजजोडणी व मालसाठ्याची नोंद ही कौशल्ये शाळेतच मिळाली, तर स्थानिक तरुणांना केवळ हमालीवर अवलंबून राहावे लागणार नाही. मात्र असे प्रशिक्षण पुढील शिक्षणाची वाट खुली ठेवूनच दिले पाहिजे.