पदकाच्या कडेवरचे नाव

१८५७ चा उठाव मोडणाऱ्या सैनिकांना इंग्रज सरकारने चांदीचे एक पदक दिले. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला हातात विजयाची माळ घेतलेली ब्रिटानिया आणि तिच्यामागे सिंह. वर 'इंडिया' हा शब्द, खाली १८५७-१८५८. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. विशिष्ट मोहिमेत लढलेल्यांसाठी फितीवर चांदीची आडवी पट्टी असे. अशा पाच पट्ट्या होत्या. त्यांतली 'सेंट्रल इंडिया' ही सर ह्यू रोजच्या हाताखाली झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरला लढलेल्यांची.

जेम्स पिअर्सन हा त्यांच्यातला एक. आयर्लंडमधल्या रॅथडाउनीचा, ८६ व्या पलटणीतला साधा शिपाई. ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीवर हल्ला झाला, तेव्हा त्याने एकाला ठार केले, दोघांना संगिनीने भोसकले आणि स्वतः जबर जखमी झाला. पुढे काल्पीला त्याने जोरदार गोळीबारातून मायकेल बर्न्स या आपल्या जखमी सोबत्याला उचलून आणले. बर्न्स वाचला नाही. या दोन कामगिऱ्यांसाठी पिअर्सनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या माणसाचा द्वेष करावा असे मला वाटत नाही. त्याचा स्वतःचा देश इंग्रजांच्या ताब्यात होता. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसे मेली होती. गरीब आयरिश पोराला लष्करात निदान पगार आणि भाकरी होती. आपल्याकडचेही अनेक जण त्याच फौजेत होते. रोजबरोबर मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी आणि हैदराबाद कंटिंजंट लढले. पदकाचे ते मानकरी दख्खनमधलेही होते, हे विसरून चालणार नाही.

पण तीच झाशी दुसऱ्या बाजूने पाहिलेला एक मराठी माणूस आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात इंग्रज फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, लूट आणि जाळपोळ आहे. पिअर्सनला पदक मिळवून देणारी फौज आणि गोडसे भटजींना जीव वाचवत लपायला लावणारी फौज एकच होती.

वर्गात १८५७ शिकवताना मी दोन्ही साक्षी पुढे ठेवतो. सोबत्यासाठी गोळ्यांत शिरणारा पिअर्सन शूरच होता. झाशीचे तोफची गुलाम गौस खानही शूर होते. राणीसाठी लढता लढता ते पडले. त्यांची कबर किल्ल्यात आहे.

या पदकाच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. म्हणून दीडशे वर्षांनंतरही साध्या शिपायाचा माग लागतो. झाशीच्या गल्ल्यांत मारल्या गेलेल्या हिंदू-मुसलमानांसाठी असे पदक कुणी पाडले नाही. त्यांच्यासाठी गोडसे भटजींची पाने आहेत. इन्साफ करायचा तर पदकाबरोबर तीही वाचायला हवीत.